टपावरचे चार गोल

१

शनिवारी सकाळी हैदराबादेत नल्लकुंट्याच्या त्या अंगणात सगळं जागच्या जागी होतं. गेट होतं, गेटचं कुलूप धड होतं, डोळे तपासायची गाडी भिंतीला खेटून उभी होती. फक्त गाडीच्या टपावरची डिश नव्हती.

मुकुंद कंधारकरला फोन आला तेव्हा तो अंबरपेठेत आपल्या दुकानाचं शटर वर करत होता. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. वय एक्कावन्न, डोक्यावर टक्कल, खोड्या मात्र दहावीतल्या पोराच्या. मागच्याच महिन्यात शेजारच्या टायरवाल्याच्या स्कूटरचा हॉर्न त्यानं ब्रेकला जोडून दिला होता. तो बिचारा तीन दिवस थांबेल तिथं पोंपों करत फिरला, आणि लोक त्याला आदरानं वाट देत राहिले.

"मुकुंद, डिश गेली," फोनवर एकनाथराव म्हणाले.

"वाऱ्यानं गेली का माणसानं नेली?"

"चेष्टा नको. ये."

एकनाथराव हदगावकर सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. घराच्या तळमजल्यावर ते चालवत असलेल्या नेत्रतपासणीच्या संस्थेचं ऑफिस, वरच्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी इंदुताई. कडक माणूस. संस्थेच्या पेनानं घरचं पत्र लिहीत नसत, आणि ऑफिसातला पंखा चालू राहिला तर वरून उतरून बंद करून जात.

संस्थेची गाडी जंगलपट्टीतल्या गावांत जायची. तिथं मोबाईलला नेटवर्कची काडी मिळत नाही, आणि डोळ्याच्या आतले फोटो तर लगेच शहरातल्या डॉक्टरला दिसायला हवेत. म्हणून एका कंपनीनं चाचणीसाठी ही डिश दिलेली. पांढरी, चौकोनी, जेवणाच्या ताटापेक्षा थोडी मोठी. आभाळाकडे तोंड करून ठेवली की थेट उपग्रहाशी बोलणार, आणि वायफाय तिच्या पोटातच.

बसवली गुरुवारी, आणि बसवतानाच भांडण झालं. निखिल म्हणून पुण्याचा एक आयटीतला पोरगा संस्थेचं काम हौसेनं करायचा. त्याचं म्हणणं, टपाला चार भोकं पाडून डिश पक्की करू. ड्रायव्हर यादगिरी ड्रिलसमोर उभा राहिला.

"मेरी गाडी कू छेद नक्को. पानी गळता फिर. ज्यादा किए तो डिश उठाके हुसेनसागर में डाल देतूं."

चौदा वर्षं ती गाडी चालवणाऱ्या माणसाचं ते बोलणं. मुकुंदला ते पटलं. त्यानं चार जबरदस्त लोहचुंबक आणले आणि डिशच्या फ्रेमला लावले. टपाचा मागचा अर्धा भाग फायबरचा, तिथं चुंबक धरेना. म्हणून डिश बसली पुढं, डावीकडं, भिंतीच्या बाजूला. विजेसाठी सीटखाली वेगळी बॅटरी टाकली, तिचं बटण गाडीच्या आत. इंजिन चालू असेल तेव्हाच ती बॅटरी भरणार, म्हणजे मुख्य बॅटरीला धक्का नाही.

आणि आता हुसेनसागरचं ते वाक्य यादगिरीच्या गळ्यात येऊन पडलं होतं.

"मी काल दुपारी नांदेडला गेलो, आज आठला परत आलो," एकनाथराव म्हणाले. "हा म्हणतो, पावणेसातला आलो तेव्हा डिश नव्हतीच. आणि हे बघ."

त्यांनी फोन पुढं केला. डिशचं ॲप. शेवटची ओळ: *सकाळी ७.१२, बंद.*

"पावणेसातला नव्हती म्हणतो, आणि सात बारापर्यंत चालू होती. खोटं बोलतोय. तक्रार लिहून ठेवलीय मी. पाचपर्यंत डिश आली नाही तर पोलिसात देणार, आणि याची नोकरीही तिथंच संपली."

यादगिरी गेटपाशी चपला काढून उभा होता. त्या अंगणात कधी कुणी चपला काढत नसे.

२

मुकुंद मागच्या शिडीनं टपावर चढला आणि तिथंच उकिडवा बसला.

टपावर गणपतीच्या मंडपांची, रस्त्याच्या कामांची, सगळ्या हैदराबादची धूळ होती. त्या धुळीत चार स्वच्छ गोल. चुंबकांच्या जागा. चोर शिडीनं आला असता तर डिश मागं ओढली गेली असती, किंवा सरळ उचलली गेली असती. इथं प्रत्येक गोलापासून एक पुसट पट्टा निघत होता, आणि चारही पट्टे डावीकडं, भिंतीकडं गेले होते. शिडीपासून गोलांपर्यंत एकसुद्धा पाऊल उमटलेलं नव्हतं. स्वतः मुकुंदची पावलं सोडून.

वायरचं टोक टपावर लोळत होतं. कापलेलं नाही, तुटलेलं नाही. ओढ बसली आणि पिन सुटली, एवढंच.

त्यानं मान वर केली. डोक्यावर हाताच्या अंतरावर पहिल्या मजल्याची गॅलरी. गॅलरीच्या कठड्याला पेरू तोडायचा झेला टेकवलेला. त्यापलीकडं पेरूचं झाड.

"काय दिसलं?" खालून एकनाथराव.

"पेरू पिकलेत," मुकुंद म्हणाला आणि खाली उतरला.

यादगिरीकडून किल्ली घेऊन त्यानं गाडी उघडली. बटण बंद. "यादगिरी, ये कब बंद किया?"

"कल शाम कू. पाँच बजे गाडी लगाया, बटन बंद किया, ताला डाला, घर गया. चाबी मेरे पास."

"बाद में गाडी चालू?"

"नै मुकुंदभाई. आज तो हाथ बी नै लगाने दिए साब."

मुकुंदनं सीटखाली हात घालून बॅटरीचा मीटर पाहिला. मग चष्मा पुसून परत पाहिला. शंभर टक्के.

तो हसला. त्याच्या दुकानातल्या लोकांना ते हसू माहीत होतं. त्यानंतर कुणाच्या तरी स्कूटरचं काहीतरी व्हायचं.

"और एक बता. पावने सात कू आया, डिश नै देखा, फिर क्या किया?"

"ऊपर जाके घंटी मारा. अम्मा दरवाजा खोले. बोले, साब आने दे, तू गाडी मत धो." यादगिरी जरा घुटमळला. "पट्टुचीर में थे अम्मा. इत्ते सुबे रेशम की साडी. मैं समझा किधर तो शादी हैगी."

"तू इतक्या सकाळी का आलास? रोज तर आठला येतोस ना?"

यादगिरीनं त्याच्याकडं असं पाहिलं की हा माणूस हैदराबादेत राहतो की नाही.

"आज पानी का दिन है ना."

३

निखिल ऑफिसात डोकं धरून बसला होता. डोळे लाल.

"काका, डिशची जबाबदारी माझ्या सहीवर आहे. कंपनीला काय सांगू?"

"सांगू नंतर. आधी मला सांग, काल रात्री कुठं होतास?"

"माझ्यावर डाऊट?"

"सगळ्यांवर. माझ्यावर पण."

निखिल गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहायचा, रात्री परदेशातल्या लोकांचं काम करायचा. आणि तीन दिवसांपासून गल्लीत इंटरनेट नव्हतं. मिरवणुकीचा रस्ता मोकळा करताना खांबांवर लोंबणाऱ्या सगळ्या केबली कुणी तरी सटासट कापून टाकल्या होत्या. अख्खी गल्ली मोबाईलवर तुटून पडली, आणि व्हिडिओ लावला की नुसतं चक्र फिरत बसायचं.

"म्हणजे डिशची सगळ्यात जास्त गरज तुला," मुकुंद म्हणाला.

"मी नारायणगुड्याला फ्रेंडकडे होतो, नऊपासून सकाळी सहापर्यंत. विचारा त्याला. आणि माझ्याकडे गेटची किल्ली नाहीये, काका. ती यादगिरी, सर आणि काकू, तिघांकडेच."

"बरं. ते ॲप मला पूर्ण दाखव. साहेबांनी शेवटची ओळ वाचली, मला वरच्या वाचायच्यात."

निखिलनं आपल्या फोनवर बोट सरकवलं. शुक्रवार, संध्याकाळी ५.१०, बंद. रात्री ९.२०, चालू. शनिवारी ७.१२, बंद. मधे खंड नाही.

"दहा तास चालली," मुकुंद म्हणाला. "गाडीच्या बॅटरीवर दहा तास चालली तर मीटर किती दाखवेल?"

"चाळीसच्या आसपास. फार तर पन्नास."

"शंभर दाखवतोय."

निखिलचं तोंड उघडं राहिलं. पुण्याची मुलं हुशार असतात, फक्त त्यांना एक वायर हातात द्यावी लागते. "म्हणजे ती रात्रभर चालू होती, पण गाडीवर नव्हतीच. कुठंतरी घरातल्या प्लगवर... काका, घरातल्या प्लगवर चालवायला ॲडॉप्टर लागतो. तो बॉक्समधे आहे."

"बॉक्स कुठंय?"

कपाटात होता. त्यात माहितीपुस्तिका होती, थर्माकोल होता, ॲडॉप्टरच्या आकाराचा खड्डा होता. ॲडॉप्टर नव्हता.

"कपाटाची किल्ली कुणाकडं असते?"

निखिलनं छताकडं पाहिलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं.

४

इंदुताईंनी दार उघडलं. सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज बसलेला.

"ये मुकुंदा. चहा टाकते."

"घशाला काय झालं, ताई?"

"गार पाणी प्याले."

एकनाथराव मधल्या खोलीत टेबलाशी बसलेले, पुढं तक्रारीचा कागद. सगळी चौकशी करता करता सव्वाचार वाजले होते. मुकुंद त्यांच्यासमोर बसला. इंदुताईंनी चहा आणला आणि सोबत बशीत घुगऱ्या. मीठ-हळद घालून शिजवलेले अख्खे हरभरे, वर खोबरं. मुकुंदनं मूठभर तोंडात टाकले आणि चावत बसला. हरभरे आठ तास भिजवावे लागतात. म्हणजे रात्रीच भिजवलेले.

"इंदू, तू सांग ह्याला," एकनाथराव म्हणाले. "यादगिरीनं घंटी वाजवली तेव्हा किती वाजले होते?"

"मी घड्याळ नाही बघितलं."

"हे असं. सकाळपासून हेच."

इंदुताई बशीकडं बघत म्हणाल्या, "नळ नुकताच आला होता, एवढं आठवतं."

"नळाचं काय घेऊन बसलीस," एकनाथराव म्हणाले आणि कागदावरचा एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

मुकुंदनं हरभरा चावायचा थांबवला. ह्या गल्लीत पाणी एक दिवसाआड, पावणेसातला येतं आणि साडेसातला जातं. हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला, प्रत्येक ड्रायव्हरला माहीत. अडतीस वर्षं ह्याच घरात राहणाऱ्या एकनाथरावांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी एक बादली भरलेली नव्हती. त्यांची बायको त्यांच्या तोंडावर सांगत होती की ड्रायव्हर खरं बोलतोय, आणि ते स्वल्पविराम दुरुस्त करत होते.

"ताई, पेरू देता का दोन?" मुकुंद उठला. "मीच काढतो, झेला बघितलाय मी गॅलरीत."

"पेरू कशाला आत्ता," इंदुताई पटकन म्हणाल्या, आणि मग हळूच, "घे."

गॅलरीतून खाली पाहिलं की गाडीचा टप अगदी पायाशी. मुकुंदनं झेला हातात घेतला. लांब बांबू, टोकाला लोखंडी कडी, कडीला जाळी. जाळी एका बाजूनं उसवलेली, ताज्या दोऱ्यानं परत शिवलेली. त्यानं शर्टाच्या खिशातून एक बारीक स्क्रू काढला आणि कडीला टेकवला.

स्क्रू चिकटून राहिला. झेला हलवला, तरी पडेना.

पेरू तोडून कुठली कडी चुंबक होत नाही.

५

स्वयंपाकघरात इंदुताई पाठ करून उभ्या होत्या. मुकुंदनं झेला दारामागं ठेवला आणि ओट्याला टेकला. आवाज खाली आणला.

"ताई, चुंबक वर ओढून निघत नाही. कडेपर्यंत सरकवावा लागतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली. तुम्हाला कुणी शिकवलं?"

इंदुताई वळल्या नाहीत. "फ्रिजवरचे चुंबक मी असेच काढते."

"आणि कडेवरून सुटली की जाळीत."

"पेरूपेक्षा जड होती. टाके गेले."

"कुठंय आता?"

त्यांनी तांदळाच्या पिंपाकडं बोट केलं. मुकुंदनं झाकण उघडलं, हात घातला. तांदळात खाली गार, सपाट काहीतरी लागलं.

"घुगऱ्या कुणाच्या बारशाच्या?"

आता त्या वळल्या.

"ऋचाला मुलगी झाली," इंदुताई म्हणाल्या.

ऋचा त्यांची एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी वडिलांना न विचारता रजिस्टर लग्न करून न्यूजर्सीला गेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं. एकनाथराव नियमाचे पक्के, मग तो नियम स्वतःच केलेला का असेना.

"पाळणा मी म्हणावा असं तिला वाटत होतं. मोबाईलवर तोंडंच दिसत नव्हती, नुसते चौकोन. म्हटलं, रात्री काढते, सहाच्या आत परत ठेवते. गच्चीवर ठेवली, वायर खाली सोडली. ह्यांना नांदेडला जायचंच होतं." त्यांनी पदरानं हात पुसले, जे ओले नव्हते. "तर तिकडं बाळ झोपलं. उठवायचं कसं? सात वाजत आले पाळणा संपायला. आणि पाण्याचा दिवस आहे हे मी विसरले. मी. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. यादगिरी घंटी वाजवतोय आणि आत फोनवर माझी नात रडतेय."

"रात्रभर कशाला चालू ठेवली पण?"

"बंद करायचं बटणच सापडेना तिचं."

"तिला बटण नसतंच. प्लग काढायचा."

"ते सात बाराला कळलं."

मुकुंदला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस कमी होते.

"दुपारी परत ठेवणार होते, तर हे खुर्ची घेऊन गाडीपाशीच बसले. यादगिरीला पोलिसात नसतं जाऊ दिलं मी. पाचच्या आत सांगणार होते. सकाळपासून तोंड उघडते आणि चहा विचारते."

"मी ठेवू गुपचूप? टपावर? साहेबांना सांगतो, शेजारच्या माकडानं नेली होती."

इंदुताईंनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "आणि यादगिरी?"

"त्याचं काय?"

"माकड म्हटलं तर ह्यांना कायम वाटणार, त्यानंच आणून ठेवली. चौदा वर्षांचा माणूस आहे तो, मुकुंदा." त्यांनी बाही वर सारली, पिंपात हात घातला, डिश बाहेर काढली आणि तांदूळ झटकले. "बाजूला सर."

त्या मधल्या खोलीत गेल्या. मुकुंद दारातच थांबला. त्यांनी डिश तक्रारीच्या कागदावर ठेवली.

"मी काढली. झेल्यानं. यादगिरी खरं बोलत होता. नळ पावणेसातला येतो."

एकनाथरावांनी डिशकडं पाहिलं. फटीत तांदळाचा एक दाणा अडकला होता.

"संस्थेची वस्तू," ते म्हणाले.

"हो."

"घरच्या कामाला."

"हो."

"कसलं काम?"

इंदुताईंनी घुगऱ्यांची बशी उचलून त्यांच्यापुढं सरकवली. एकनाथरावांनी बशीकडं पाहिलं. हा माणूस सकाळपासून दोनदा त्या घुगऱ्या खाऊन बसला होता, आणि आता पहिल्यांदा त्याला त्या दिसत होत्या.

खाली गेटचा आवाज झाला.

"नाव काय ठेवलं?" ते म्हणाले.

"त्रिवेणी."

एकनाथरावांच्या आईचं नाव. त्यांनी चष्मा काढला, परत लावला, डिशखालून तक्रारीचा कागद ओढून काढला आणि उभे राहिले. जिन्यानं खाली गेले. इंदुताई आणि मुकुंद गॅलरीत आले.

खाली एकनाथराव यादगिरीसमोर उभे होते. काय बोलले ते वरपर्यंत आलं नाही, फार शब्द नव्हते. पण कागदाचे चार तुकडे झाले. यादगिरी गेटपाशी गेला आणि त्यानं चपला घातल्या.

पाच वाजता मुकुंद टपावर होता. डिश चार गोलांवर टेकवली, चुंबक खट्ट करून बसले. वायर जोडली. निखिल आत बटणापाशी, यादगिरी स्टिअरिंगवर, इंजिन चालू. एकनाथराव खाली हात मागं बांधून उभे.

"झालं का?"

"बसवली, साहेब. पण टेस्ट कॉल लागतो. जितका लांबचा फोन, तितकी टेस्ट पक्की. शहरातल्या शहरात लावला तर काही कळत नाही."

निखिलनं गाडीतून डोकं बाहेर काढलं. "काका, सॅटेलाइटला डिस्टन्सचा काही..."

मुकुंदनं वरून पाना टाकला. तो निखिलच्या बुटाशेजारी, अगदी बोटभर अंतरावर पडला. निखिलनं डोकं आत घेतलं.

एकनाथराव टपाकडं बघत होते. चाळीस वर्षं फायली वाचलेला माणूस, थाप कळत नाही असं नाही.

"संस्थेच्या कामासाठीच ना?"

"शंभर टक्के संस्थेचं. सोमवारी गाडी जंगलात जाणार, टेस्ट नको?"

"किती लांबचा लागेल?"

"अमेरिका असेल तर उत्तम."

एकनाथरावांनी घड्याळ पाहिलं, मनाशी काहीतरी वजा केलं, आणि गॅलरीकडं तोंड करून म्हणाले, "इंदू, तिकडं आत्ता सकाळचे साडेसात झाले असतील. उठली असेल का ती?"

"कोण ती?" इंदुताई वरून म्हणाल्या.

ते गाडीत चढले. डोळे तपासायच्या स्टुलावर बसले, केस सारखे केले.

"दोघी," ते म्हणाले. "फोन घेऊन खाली ये."